अंबुजाक्कांचा मंगळवार

कुंभकोणमला आमचं बिऱ्हाड लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या अंबुजाक्का विड्याच्या पानांची जुडी घेऊन आल्या, ओट्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, बोल. काय बोलू, असं मी विचारलं. काहीही बोल, फक्त मराठी बोल, असं त्यांचं म्हणणं. मी साताऱ्याची, नवी नवरी. मग मी आईची, शाळेची, दोन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासाची हकीगत सांगितली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर डोळे उघडून म्हणाल्या, "बरी बोलतेस गे. पण ही नवी मराठी. आमची जुनी. तुजला शिकावी लागेल."

त्यांच्या मराठीत 'मला' नव्हतं, 'मजला' होतं. 'झालं' नव्हतं, 'जाहलं' होतं. होकाराला त्या 'हव' म्हणत, आणि दर दोन वाक्यांत एक तमिळ शब्द येई. 'पोदुम' म्हणजे पुरे, हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. वाढप थांबवायला, भांडण मिटवायला, रडणाऱ्या बाईला शांत करायला त्यांना तेवढा एक शब्द पुरत असे. माझे यजमान माधवराव त्याच तंजावरी मराठी मंडळींतले, गावातल्या टपाल कचेरीत नोकरीला. घरात ते माझ्यासारखं बोलू पाहत आणि अक्का आल्या की एकदम 'मजला-तुजला'वर येत.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या असतील. उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारीसारखं नेसलेलं लाल काठाचं लुगडं, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. मूलबाळ नव्हतं. यजमान सुंदरराव तिरुविडैमरुदूरच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. वीस वर्षं रोज सकाळच्या गाडीनं जात आणि संध्याकाळी परत येत. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. समजत सगळं होतं, डाव्या हातात पुस्तक धरून वाचतही असत, पण तोंडातून एकच आवाज निघे, लांबलेला, घशातून ओढून काढलेला, 'काऽऽ' असा. पहिल्या दिवशी तो ऐकून मी दचकले. अक्कांनी सांगितलं, कापी घे मणून सांगतात. घरी कुणीही पाऊल टाकलं की सुंदरराव तो आवाज काढत आणि पाहुण्याच्या हातात कॉफीचा पेला येईपर्यंत थांबत नसत. माणूस घरी आला आणि तसाच गेला, हे त्यांना आयुष्यभर कधी चाललं नव्हतं. अंगातलं सगळं गेलं, तेवढं राहिलं.

रस्त्यात रेडिओ एकट्या त्यांच्याकडे. सुंदररावांनी निवृत्त होताना हौसेनं घेतलेला, लाकडी पेटीचा. तो तापायला वेळ लागे म्हणून मंगळवारी अक्का एक वाजताच खुंटी फिरवून ठेवत. सव्वा वाजता बायकांसाठी एक तमिळ श्रुतिका लागे, पंधरा मिनिटांची, दर आठवड्याला पुढचा भाग. तिचं नाव 'कोमळम'. जेवणं आटोपून दहा-पंधरा बायका मधल्या खोलीत सुंदररावांच्या खाटेभोवती दाटीवाटीनं बसत. विड्याची पानं विकणारी सेल्लम्माळ आपली टोपली दारात ठेवून उंबऱ्याशी बसे. मला तमिळ कळत नसे म्हणून अक्का माझ्या कानाशी लागून भरभर मराठी करून सांगत. माझं तमिळ त्या पंधरा-पंधरा मिनिटांतच तयार झालं.

कोमळम ही नवऱ्यानं टाकलेली मुलगी. दिराच्या घरी राबते, चोरून लिहायला-वाचायला शिकते, मद्रासला परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज करते. बोलावण्याचं पत्र येतं ते दीर लपवतो. एका मंगळवारी ते पत्र तिला तांदळाच्या डब्यात सापडलं आणि ती पिशवी घेऊन स्टेशनावर गेली. गाडी फलाटाला लागली, मागून दिराची हाक आली, आणि भाग संपला. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यात दुसरा विषय नव्हता. सेल्लम्माळ दारोदार पानं देताना विचारत होती, चढली असेल ना. ती स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षी टाकलेली होती.

पुढच्या मंगळवारी सव्वा वाजता वीणावादनाची ध्वनिमुद्रिका लागली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तीच. मग निवेदिकेनं सांगितलं की ही श्रुतिका बंद करण्यात आली असून तिच्या जागी लवकरच भगिनींना उपयुक्त अशी भाषणं सुरू होतील. कारण सांगितलं नाही. सुंदररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि संध्याकाळचं जेवले नाहीत. मंगळवार हा त्यांच्या आठवड्यातला एकच दिवस होता, जेव्हा खोली माणसांनी भरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या घरी आल्या आणि माधवरावांना पोस्टकार्डं आणायला सांगितलं. त्यांचा बेत साधा होता. ऐकणाऱ्या प्रत्येक बाईनं रेडिओ केंद्राला एक कार्ड लिहायचं की कोमळमचं पुढं काय झालं ते आम्हाला सांगा. आमच्या रस्त्यातल्या बायका झाल्या, मग महामहम तळ्याच्या बाजूच्या, मग विणकरांच्या आळीतल्या. अक्का तिरुविडैमरुदूरला गेल्या, तिरुनीलक्कुडीलाही जाऊन आल्या. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्याही नगरपालिकेच्या बागेतल्या कर्ण्यावर 'कोमळम' ऐकत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. अर्ध्याअधिक बायकांना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत, अक्का लिहीत, आणि खाली बाई आपला अंगठा उठवी. माधवराव नियमाचे पक्के. त्यांनी अक्कांना बजावलं की कार्डांचा गठ्ठा माझ्या हाती देऊ नका, प्रत्येकीनं स्वतः येऊन पेटीत टाकावं. तशा बायका रांगेनं येऊन टाकून गेल्या. सेल्लम्माळनं आपलं कार्ड टाकण्यापूर्वी अक्कांना पुन्हा वाचून दाखवायला लावलं. तिनं एवढंच सांगितलं होतं की त्या मुलीला गाडीत बसवा, मागे फिरवू नका.

महिन्याभरात ही गोष्ट गावभर झाली, आणि गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक पशुपती अक्कांना भेटायला आले. पांढरीशुभ्र धोतरं नेसणारा, गोड बोलणारा माणूस. मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसले. किती कार्डं गेली, कुणी लिहिली, सगळं आस्थेनं विचारून घेतलं. मी तिथंच होते. सुंदररावांनी नेहमीप्रमाणे आवाज काढला. अक्कांनी कॉफी आणली, पशुपतींनी ती घेतली, चांगली झाली म्हणाले, आणि निघताना सुंदररावांना नमस्कारही केला. त्या आवाजाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर अक्कांनी सांगितलं असतं.

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर लेख आला. रिकामटेकड्या बायकांनी नाटकी गोष्टीच्या नादी लागून केंद्राला कसं वेठीला धरलंय, असा त्याचा सूर. कार्डं सगळी एकाच हातची आहेत, खालचे अंगठे कुणाचे देव जाणे. ज्या बाईला धड शुद्ध तमिळ बोलता येत नाही, अशी एक मराठी बाई गावातल्या घरंदाज स्त्रियांना चिथावते आहे. टपाल कचेरीत तिच्याच जातभाईची वट असल्यानं कार्डं फुकट जातात की काय, याची चौकशी व्हावी. आणि शेवटी लिहिलं होतं, की बाई पाहुण्यासमोर कार्डांच्या गोष्टी सांगण्यात रंगली असताना शेजारच्या खाटेवर तिचा लुळा नवरा पाण्याच्या घोटासाठी आक्रोश करत होता आणि तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अक्कांनी तो अंक घरात येऊ दिला नव्हता. पण कुणी तरी सहानुभूतीच्या नावाखाली आणून खाटेवर ठेवला, आणि सुंदररावांनी तो वाचला. त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. मी आत आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. मी खुर्चीवर बसले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि वाट पाहत राहिल्या. आवाज आला नाही. पुढं कधीच आला नाही. आपल्या त्या एका आवाजामुळं बायकोची अब्रू गेली, हे त्या माणसानं मनाला इतकं लावून घेतलं की मरेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

इतर गोष्टी त्यामानानं लहान. पण माझ्या घराला त्या लहान नव्हत्या. माधवरावांच्या मागे खात्याची चौकशी लागली. तीन आठवडे एक अधिकारी येऊन जुने कागद उलटेपालटे करत होता. काहीच निघालं नाही, पण त्या वर्षीची बढती गेली. माधवराव घरी येऊन पायऱ्यांवर गप्प बसत. कितीतरी घरांत बायकांना अक्कांकडे जायची बंदी झाली. विणकरांच्या आळीत एका नवऱ्यानं बायकोचा अंगठा चुलीतल्या जळत्या काडीनं भाजला. सेल्लम्माळला रस्त्यात पोरं अंगठा दाखवून चिडवत. आणि केंद्राकडून अक्कांना एक छापील पत्र आलं, की वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून ही मागणी खरी नसल्याचं दिसून येतं.

मी अक्कांना म्हणाले, त्या साप्ताहिकाला पत्र लिहू, खरं काय ते सांगू. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. लिहिलं तरी तो छापणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगून माझं भागणार नाही गे. मजला तो माणूस असा पडलेला पाहायचा आहे, की त्याला बोलायला तोंड उरू नये." इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला आधी वाटलं त्या तांदळातल्या खड्यांबद्दलच काही सांगताहेत.

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. पायऱ्यांवर बसलेले माधवराव पाहून माझ्या मनात जे जे येई, ते मी माहेरच्या पत्रात कधी लिहिलं नाही.

भाषणं सुरू व्हायचा मंगळवार उजाडला. अक्कांनी एक वाजता रेडिओ लावला. खोलीत आम्ही चारच जणी, सेल्लम्माळ धरून. सव्वा वाजता निवेदिकेनं सांगितलं की 'आदर्श गृहिणी' या मालेतलं पहिलं भाषण, आणि मग आवाज आला तो पशुपतींचा. तोच गोड, सावकाश आवाज. 'कोमळम'ची जागा त्यांनाच मिळाली होती. तो लेख का लिहिला गेला, हे आम्हा चौघींना एकाच क्षणी कळलं. सेल्लम्माळ तोंडातल्या तोंडात काही तरी बोलली, ते मी इथं लिहू शकत नाही. अक्का उठून रेडिओ बंद करणार, इतक्यात सुंदररावांनी डावा हात वर केला आणि थांब अशी खूण केली.

ते कान देऊन ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. त्यात त्यांची पुस्तकं होती, शाळेतून वर्षानुवर्षं साठवलेली. अक्का एक-एक पुस्तक काढून दाखवू लागल्या आणि ते मान हलवू लागले. हे नाही, हेही नाही. दुसरा कप्पा झाला, तिसरा झाला. खालच्या कप्प्यात मागच्या रांगेत एक पुठ्ठा निसटलेलं जुनं तमिळ पुस्तक होतं, गृहिणीच्या कर्तव्यांवरचं, आता कुठंच न मिळणारं. ते पाहताच त्यांनी हात पुढं केला. मांडीवर घेऊन डाव्या हातानं पानं उलटली आणि पहिल्या प्रकरणावर बोट ठेवलं. अक्का वाचू लागल्या. पशुपतींनी नुकतंच जे सांगितलं होतं ते तिथं जसंच्या तसं छापलेलं होतं. उपमा त्याच, सासूची गोष्ट तीच, मध्येच येणारा श्लोकही तोच. वाचता वाचता अक्का थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. सुंदरराव हसत होते, आवाज न करता. त्या दिवसापूर्वी आणि नंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी दुसरं प्रकरण आलं, ओळीला ओळ. मग अक्कांनी ठरवलं. तिसऱ्या भाषणाच्या आधीच्या गुरुवारी आम्ही कार्डं लिहायला बसलो. या वेळी विनंती नव्हती. येत्या मंगळवारी आपल्या केंद्रावरून अमुक वाक्यानं भाषण सुरू होईल, मध्ये अमुक गोष्ट येईल, अमुक वाक्यानं संपेल. हे सर्व अमुक पुस्तकाच्या अमुक पानांवर आहे. एवढंच. काही कार्डं केंद्राला, काही गावातल्या दुसऱ्या साप्ताहिकाला. खाली नावं आणि अंगठे. सेल्लम्माळनं शाई लावून अंगठा इतका दाबला की कार्ड मागच्या बाजूनं उठलं. चौकशीचा धसका घेतलेल्या बायका आधी कचरत होत्या. अक्का त्यांच्या घरी गेल्या आणि नवऱ्यांदेखत म्हणाल्या की या खेपेला मागायचं काही नाही, फक्त सांगायचं आहे.

माधवरावांना मी घाबरत घाबरत सांगितलं. मला वाटलं रागावतील. पण ते म्हणाले, "प्रत्येकीनं स्वतः येऊन टाकावं. शिक्का स्पष्ट उठेल हे मी पाहीन." शुक्रवारी सकाळी त्यांनी शिक्क्याच्या गादीवर ताजी शाई घातली. पुढं त्या कार्डांवरच्या तारखा कुणालाही नाकारता आल्या नाहीत त्या यामुळं. खात्याचा एकही नियम न मोडता माधवरावांनी आपला सूड घेतला तो एवढाच, आणि त्या दिवसापासून ते पायऱ्यांवर बसायचे थांबले.

मंगळवारी भाषण झालं, कार्डांत लिहिल्याबरहुकूम. पुढच्या शुक्रवारी पुन्हा कार्डं गेली, पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्या मंगळवारी सव्वा वाजता वीणा वाजली, आणि निवेदिका म्हणाली की अपरिहार्य कारणानं आजचं भाषण होणार नाही.

ते ऐकायला सुंदरराव नव्हते. आदल्या रविवारी पहाटे ते झोपेतच गेले. लेखानंतर पाच महिने ते जगले. शेवटच्या दिवसांत अक्का त्यांच्या कानाशी लागून विनवत, आता बोला, कुणी नाही, मी एकटीच आहे. ते त्यांचा हात हातात घेत, पण ओठ उघडत नसत. अंत्यविधीनंतर गावच्या रीतीप्रमाणे भेटायला आलेल्या बायका रडत होत्या. अक्का रडल्या नाहीत. मंगळवारी एक वाजता त्यांनी रेडिओ लावला, वीणा ऐकली, बंद केला आणि मला म्हणाल्या, "आता पुढचं."

पुढचं फार लवकर घडलं. केंद्रातले एक वयस्कर अधिकारी स्वतः घरी आले, पुस्तक चाळून पाहिलं आणि खाली मान घालून बसले. अक्कांनी एकच गोष्ट मागितली, 'कोमळम' पूर्ण करा. ती पूर्ण झाली. आणखी सहा भाग लागले. मधली खोली भरून बाहेर ओट्यापर्यंत बायका बसल्या. खाटेची जागा मात्र कुणी घेतली नाही. कोमळम गाडीत चढली, परिचारिका झाली, दीर आजारी पडून तिच्याच रुग्णालयात आला आणि तिनं त्याची सेवा केली. बायका डोळे पुसत होत्या. अक्कांना तो शेवट मुळीच आवडला नाही. सेवा कशाला करायची होती, असं त्या दोन दिवस सगळ्यांना विचारत होत्या.

दुसऱ्या साप्ताहिकानं कार्डांची आणि पुस्तकाची हकीगत पानभर छापली. आणि अक्कांनी बायकांना सांगितलं की जे दुकान पशुपतींच्या अंकात जाहिरात देईल तिथून काही घ्यायचं नाही, पितळेचं भांडं नाही, कॉफीची पूड नाही, लग्नाची साडी नाही. भांड्यांच्या बाजारात त्या स्वतः फिरल्या. दुकानदाराच्या तोंडावर सांगून यायच्या. दोन महिन्यांत त्या अंकात मठ-देवळांच्या सूचनांपलीकडे काही उरलं नाही.

मग एका सकाळी पशुपती आले. धोतर पांढरंच होतं, पण माणूस उतरला होता. अक्कांनी त्यांना आत घेतलं आणि त्याच खुर्चीवर बसवलं. मला बोलावून घेतलं, साक्षीला. पशुपती म्हणाले की झालं गेलं विसरा, माझ्या घरी दोन मुली आहेत, हे आता थांबवा. अक्कांनी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि तमिळमध्ये मजकूर सांगितला. पशुपतींनी तो आपल्या नावानं लिहून घेतला. त्या दिवशी त्या घरातल्या आजारी गृहस्थांनी पाणी मागितलं नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्याला, म्हणजे मला, ते कॉफी घ्या असं सांगत होते. मी ती घेतली होती. मी खोटं लिहिलं. एवढी चार वाक्यं. लिहिताना तिसऱ्या वाक्याशी त्यांचा हात थांबला. अक्का उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पशुपतींनी ते वाक्य पुरं केलं.

जाताना त्यांनी हात जोडून क्षमा मागितली. अक्का म्हणाल्या, "हे छापा. क्षमा मागू नका, ती माझ्याकडे नाही."

त्यांनी ते पहिल्या पानावर छापलं. तरी अक्कांनी बायकांना दुकानांत परत जायला सांगितलं नाही. साप्ताहिक त्या वर्षअखेरीस बंद पडलं आणि पशुपती एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीला लागले. छापखान्याची वाट आमच्याच रस्त्यानं होती. रोज सकाळी ते यायच्या वेळेला अक्का हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहत. बोलत काही नसत. नुसत्या पाहत. ते मान खाली घालून पुढं जात. पाऊस असो, ताप असो, चार वर्षं मी हे पाहिलं. एकदा त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. तिनं अक्कांकडे वळून वळून पाहिलं. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, अक्का, पोदुम.

त्यांनी मला घरात नेलं आणि रिकाम्या खाटेशी उभं केलं. "पाच महिने, गे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी एक दिवस अबोला धरून राहिले नव्हते. हा पाच महिने त्यांचा आवाज घेऊन गेला. तो मजला परत मिळेपर्यंत मी दारात उभी राहीन."

पुढं माधवरावांची बदली मद्रासला झाली आणि आम्ही कुंभकोणम सोडलं. अक्का स्टेशनावर आल्या, माझ्या धाकट्या मुलाच्या हातात चकलीसारख्या मुरुक्कूचा डबा दिला आणि गाडी हलेपर्यंत माधवरावांशी टपालाच्या वेळा बोलत राहिल्या. मग दर महिन्याला एक कार्ड येत राहिलं, बारीक अक्षरातलं, मोडीची सवय असलेल्या हातानं लिहिलेल्या बाळबोधीतलं. एका कार्डात त्यांनी लिहिलं की पशुपती वारले. त्या भेटायला गेल्या होत्या. प्रेताशी उभ्या राहिल्या. थोरल्या मुलीनं रडत विचारलं, मामी, आता तरी मनात काही नाही ना. 'मी सांगितलें, आहे,' असं अक्कांनी लिहिलं होतं. 'ती पोर चांगली आहे. तिला खोटें सांगवलें नाही. तिच्या आईला पंधरा दिवस डबा मी पाठवते आहे, तो निराळा विषय.'

अक्का गेल्या तेव्हा आमच्या दक्षिणेकडच्या मराठी मंडळींच्या एका छोट्या मासिकानं मला त्यांच्यावर चार ओळी मागितल्या. मी लिहून पाठवल्या. छापण्यापूर्वी मजकूर माझ्याकडे वाचायला आला, तेव्हा संपादकांनी आपल्या मनानं एक वाक्य त्यात घातलेलं होतं, की कै. अंबुजाबाई स्वभावानं अत्यंत शांत आणि क्षमाशील होत्या. चांगल्याच हेतूनं घातलं असणार. गेलेल्या माणसाबद्दल आपण असंच लिहितो.

मी पेन घेतलं आणि ते वाक्य खोडलं. समासात लिहिलं, हे खरं नाही, छापू नये.